शेतीकामातील जखमा आणि मातीतील जंतू

शेतीचे काम म्हणजे धारदार अवजारांचे, काट्याकुट्यांचे आणि मातीचे काम होय. विळा, खुरपे, कोयता, कुदळ ही अवजारे हाताळताना हातापायाला कधी जखम झाली नाही, असा शेतकरी विरळा. बैलाच्या खांद्याला जू घासते, शेळ्यामेंढ्यांच्या अंगात बोरीबाभळीचे काटे मोडतात, गाईच्या सडाला वासराचा दात लागतो. ह्यांपैकी बहुतेक जखमा काही न करताही बऱ्या होतात आणि म्हणूनच त्यांची दखल घेण्याची रीत नाही. परंतु एखादी जखम मात्र चिघळते, पाय सुजून मांडीत अवधाण येते, ताप भरतो आणि कधी कधी प्राणावर बेतते.

प्राणावर बेतणारी जखम नेहमी मोठी असते, असेही नाही. कोयत्याने पोटरीवर झालेला चार बोटे लांबीचा, भळभळ वाहणारा घाव पंधरा-वीस दिवसांत भरून येतो. आणि उकिरड्याजवळ टाचेत रुतलेला, धड दोन थेंब रक्तही न काढणारा खिळा माणसाला धनुर्वाताने नेतो. हा दैवाचा खेळ नव्हे. जखमेत कोणता जंतू शिरला, तो कोठून आला आणि शिरल्यावर त्या ठिकाणी हवा पोचत होती की नाही, ह्या तीन गोष्टींवर जखमेचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. ह्या तीन गोष्टी ध्यानात आल्या म्हणजे कोणती जखम घरी धुऊन बांधावी आणि कोणती घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा, हे ठरविणे सोपे जाते.

कातडीवर वस्ती करणारे जंतू

अखंड कातडी ही शरीराची तटबंदी आहे. तिच्यावर असंख्य सूक्ष्मजंतू सदैव वावरत असतात. परंतु तटबंदी शाबूत आहे तोवर ते निरुपद्रवी असतात. त्यांचा आकार एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो, तेव्हा त्यांना आत शिरण्यास सुईच्या अग्राएवढी वाटही पुरते. अनुकूल उष्णता व अन्न मिळाल्यास एका जंतूचे अर्ध्या तासात दोन होतात. हा वेग कायम राहिला, तर सकाळी सहा वाजता शिरलेल्या एका जंतूचे सायंकाळी सहापर्यंत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक जंतू होतील. शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांना गिळून टाकीत असल्यामुळे असे सहसा घडत नाही. तथापि जखम झाल्यावरचे पहिले काही तास किती मोलाचे असतात, हे ह्या हिशेबावरून दिसून येईल.

गळू, केस्तूड, नखुर्डे आणि पू धरलेल्या बहुतेक जखमा ज्या जंतूमुळे होतात, त्यास शास्त्रीय परिभाषेत स्टॅफिलोकॉकस असे म्हणतात. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन ह्याने १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यास द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे वाटोळ्या जंतूंचे पुंजके आढळले. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घोसाला जो शब्द आहे, त्यावरून त्याने हे नाव दिले. सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकपुड्यांत हा जंतू राहतो. नाकाला लागलेला हात जखमेला लागला, की त्याचा प्रवास पूर्ण झाला. त्याचा एक गुण असा की, तो आपल्याभोवती रक्तातील द्रव गोठवून कोट उभा करतो. त्यामुळे गळू एका जागी घट्ट राहते, मध्ये पिकते आणि फुटून निचरा झाला म्हणजे बरे होते. कच्चे गळू पिळण्याची सवय अतिशय वाईट. पिळल्याने तो कोट फुटतो आणि जंतू आजूबाजूच्या मांसात, क्वचित रक्तात ढकलले जातात. नाक व वरचा ओठ ह्यांवरील पुळी तर कदापि पिळू नये. तेथील शिरांचा संबंध मेंदूच्या शिरांशी असतो.

दुभती जनावरे बाळगणाऱ्यांनी ह्या जंतूकडे आणखी एका दृष्टीने पाहावयास हवे. गाई-म्हशींना होणाऱ्या कासदाहाचे, म्हणजे दगडी रोगाचे, हा जंतू एक प्रमुख कारण आहे, आणि तो एका सडातून दुसऱ्या सडात मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातांनी जातो. शिवाय हातावर पिकलेले गळू अथवा नखुर्डे असणाऱ्याने धार काढली, तर जंतू दुधात उतरतात. असे दूध कोमट राहिले म्हणजे त्यांची वाढ होऊन एक विष तयार होते. दूध उकळल्याने जंतू मरतात. परंतु हे विष उकळूनही नाहीसे होत नाही. खवा, पेढे, बासुंदी खाऊन दोन-चार तासांत पंगतीची पंगत वांत्यांनी हैराण होते, त्यामागे पुष्कळदा कोणाच्या तरी बोटावरचे गळू असते. ज्याच्या हातास पू धरला आहे, त्याने जखम बरी होईपर्यंत ना धार काढावी, ना आचारीपण करावे.

दुसरा जंतू स्ट्रेप्टोकॉकस. हा मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि ह्याचा स्वभाव पहिल्याच्या अगदी उलट आहे. पहिला कोट बांधतो, हा कोट पाडतो. मांसपेशींना एकमेकींशी सांधून ठेवणारा चिकट पदार्थ आणि गोठलेले रक्त ह्या दोन्हींना विरघळविणारे रस तो सोडतो, आणि म्हणून एका जागी पू न धरता तो कातडीखालून पसरत जातो. कातडी तांबडीलाल, तापलेली व ताणलेली दिसते आणि लाली तासातासाने वर सरकते. जुन्या लोकांनी ह्या रोगास धावरे हे नाव दिले, ते किती समर्पक आहे! हातापायावरून वर जाणारी लाल रेघ व मांडीच्या सांध्यात वा काखेत येणारी दुखरी गाठ ही त्याचीच लक्षणे होत. गाठ अथवा अवधाण हा काही वेगळा रोग नव्हे. खालून चढणाऱ्या जंतूंना अडविण्याचे ते शरीराचे नाके आहे, आणि ते सुजले म्हणजे खाली कोठे तरी जखम आहे असे समजावे. अवधाणावर लेप लावून पायाच्या बोटांकडे न पाहणे म्हणजे नळ सुरू ठेवून अंगणातील पाणी पुसण्यासारखे आहे.

पायाच्या बोटांचा उल्लेख सकारण केला आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी, मऊ होऊन फाटते. ह्यासच चिखल्या म्हणतात. चिखल्यांचे मूळ पुष्कळदा बुरशीत असते व त्या स्वतः जीवघेण्या नसतात. परंतु पायाला वरचेवर धावरे होणाऱ्या रुग्णाची बोटे फाकवून पाहिली, तर जंतूंची वाट बहुधा तेथेच सापडते. रात्री पाय धुऊन बेचके कोरड्या फडक्याने टिपणे आणि चिखल्या जात नसतील तर बुरशीवरील मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावणे, एवढ्याने पुढील मोठे दुखणे टळू शकते. टाचांच्या भेगांनाही हेच लागू आहे.

हवा नकोशी असलेले जंतू

आतापर्यंतचे जंतू माणसाच्या वा जनावराच्या अंगावरून येतात. मातीतून येणाऱ्या जंतूंची जात निराळी आहे, आणि तिची भयानक ओळख जगाला १९१४ साली सुरू झालेल्या पहिल्या महायुद्धात झाली. बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील ज्या भूमीवर खंदक खणले गेले, ती शतकानुशतके शेणखत घालून कसलेली सुपीक शेते होती. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जखमी झालेल्या सैनिकांच्या मांसात त्या शेतांतील माती आणि मातीने माखलेल्या कपड्यांच्या चिंध्या खोलवर घुसत. एकदोन दिवसांत जखमेचा भाग फुगे, दाबला असता कातडीखाली कुरकुर आवाज येई, दुर्गंधी सुटे, मांस काळे पडे आणि रुग्ण झपाट्याने दगावे. ह्यास वायुकोथ म्हणतात. जंतू मांस कुजवीत असताना वायू निर्माण करतात, त्याचाच तो फुगारा व आवाज.

वायुकोथाचा आणि धनुर्वाताचा जंतू हे दोन्ही क्लॉस्ट्रिडियम ह्या एकाच कुळातले. ह्या कुळातील जंतू गुरे, घोडे इत्यादींच्या आतड्यांत राहतात व शेणालिदीबरोबर जमिनीत येतात. प्राणवायू त्यांना मानवत नाही. उघड्यावर आले म्हणजे ते आपल्याभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपाने स्वस्थ पडून राहतात. हे बीजाणू ऊन, पाऊस, दुष्काळ ह्यांना न जुमानता वर्षानुवर्षे मातीत टिकतात. थोडा वेळ उकळलेल्या पाण्यातही त्यांतील कित्येक जगतात. पुन्हा जिथे हवा नाही, उष्णता आहे आणि मृत मांसाचे अन्न आहे अशी जागा मिळाली, की कवच टाकून ते वाढू लागतात. टाचेतील खिळ्याची अरुंद, खोल, वरून मिटलेली जखम ही अशीच जागा होय. भळभळ वाहणाऱ्या रुंद घावात ताजे रक्त व हवा दोन्ही असतात, आणि म्हणून तेथे त्यांचे फारसे चालत नाही.

ह्यावरून शेणखताला दोष देण्याचे कारण नाही. ज्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य भरपूर, ती जमीन जिवंत, आणि जिवंत जमिनीत चांगल्या जंतूंबरोबर हेही असणारच. खत शेतात हवे, जखमेत नको, एवढाच त्याचा अर्थ.

ह्याच युद्धात फ्रान्समधील बुलोन्य येथील लष्करी इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग हा डॉक्टर काम करीत होता. त्या काळी जखमांत तीव्र जंतुनाशके ओतण्याची पद्धत होती. फ्लेमिंगने एक काचेची नळी घेऊन तिच्या भिंतीला ठिकठिकाणी अणकुचीदार पोकळ टोके काढली आणि वेड्यावाकड्या जखमेची नक्कल तयार केली. त्या नळीत जंतू वाढवून वरून औषध ओतले. औषध ओतून टाकल्यावर असे दिसून आले की, मुख्य पोकळीतील जंतू मेले तरी टोकांच्या तळाशी दडलेले जिवंत राहतात व पुन्हा सर्वत्र पसरतात. शिवाय तीव्र औषधाने जंतूंआधी शरीराच्या पांढऱ्या पेशीच मरतात, हेही त्याने दाखविले. त्या युद्धातील शल्यवैद्यांच्या पदरी जो अनुभव आला, तोही हेच सांगत होता: मेलेले मांस कापून काढावे, माती-चिंध्या बाहेर काढाव्यात, भरपूर धुवावे आणि दूषित जखम घाईने शिवून बंद न करता काही दिवस उघडी ठेवावी.

एका काचेच्या नळीतील हा धडा गावोगावी पोचावयास हवा. खोल गेलेल्या काट्याच्या जखमेवर तोंडाशी आयोडीन वा स्पिरिट चोपडून समाधान मानणारे आजही पुष्कळ आहेत. आणि त्याहून वाईट म्हणजे चुना, तंबाखू, राख, माती वा शेण थापून तोंड बंद करणारेही आहेत. रक्त थांबविण्याच्या हेतूने हे केले जाते. पण हवा न मानवणाऱ्या जंतूला त्याच्या मर्जीप्रमाणे बंद खोली बांधून देऊन, शेणाच्या बाबतीत तर त्याचे बीजही वर पेरून, ही मंडळी मोकळी होतात. हळदीविषयी एवढे तीव्र बोलण्याचे कारण नाही. परंतु डब्यातील हळदही निर्जंतुक नसते, आणि तिचा थर खोल जखमेचे तोंड बुजवितोच.

धनुर्वाताविषयी वेगळे सांगावयास हवे, कारण त्यात जखम चिघळतच नाही. जंतू जागच्या जागी राहतो आणि त्याचे विष मज्जातंतूंवर जाते. जखम झाल्यापासून तीन ते एकवीस दिवसांत, बहुधा आठवड्याच्या सुमारास, जबडा आखडतो, मान ताठते आणि मग सर्वांग धनुष्यासारखे वाकू लागते. त्या वेळेपर्यंत जखम कित्येकदा भरून गेलेली, विसरलेली असते. जपानी शास्त्रज्ञ किटासाटो ह्याने १८८९ साली हा जंतू प्रथम वेगळा काढला. नवजात बालकांची नाळ विळ्याने कापून तीवर शेण-राख लावण्याच्या चालीमुळे पूर्वी किती अर्भके ह्या रोगाने गेली असतील, त्याची गणती नाही. लसीकरण व दवाखान्यातील बाळंतपण ह्यांमुळे भारतातून माता व नवजात बालके ह्यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. प्रौढ शेतकऱ्याला मात्र आपण धनुर्वाताची लस शेवटी कधी घेतली, हे सहसा आठवत नाही. ही लस दर दहा वर्षांनी घ्यावी. जखम मातीने वा शेणाने मळलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी. २०१९ पासून सरकारी लसीकरणात जुन्या लशीऐवजी टी.डी. ही लस देण्यात येते. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण आहे. (हा घटसर्प माणसांचा. गुराढोरांचा घटसर्प नावाने सारखा असला, तरी त्याचा जंतू व लस निराळी आहे. ह्या दोहोंची गल्लत होऊ नये.)

फऱ्या

वायुकोथाच्या जंतूचा सख्खा भाऊ गोठ्यात येतो, तो फऱ्याच्या रूपाने. त्याचे शास्त्रीय नाव क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय असे असून, शोव्हो ह्या फ्रेंच पशुवैद्यकीय शास्त्रज्ञाच्या नावावरून ते आले आहे. फरा म्हणजे जनावराचा मांसल भाग. तेथे सूज येते म्हणून फऱ्या, आणि जनावर तो पाय टेकीत नाही म्हणून काही भागांत एकटांग्या.

ह्या रोगाची एक क्रूर गोष्ट अशी की, तो हाडकुळ्या जनावरास सोडून अंगाने भरलेल्या, सहा महिने ते दोन-तीन वर्षे वयाच्या गोऱ्ह्या-कालवडींना निवडतो. ज्या गोऱ्ह्यावर पुढील हंगामाची आशा असते, नेमका तोच जातो. पावसाच्या सुरुवातीस नवे गवत मुळाशी कुरतडून खाताना मातीतील बीजाणू पोटात जातात, तेथून रक्तावाटे स्नायूंत पोचतात व निपचित पडून राहतात. पुढे जनावराला मुका मार लागला, ते घसरून पडले, दुसऱ्या जनावराने ढुशी दिली, की त्या जागचे मांस दुखावते, रक्तपुरवठा मंदावतो आणि बीजाणू जागे होतात. म्हणजे येथे कातडी फुटण्याचीही गरज नसते. मेंढ्यांत मात्र हा रोग बहुधा उघड्या जखमेतून शिरतो. लोकर कातरणे, खच्चीकरण, शेपटी कापणे व वेत ह्या वेळी अधिक जपावे लागते.

प्रथम जनावर लंगडते, चारा सोडते, ताप १०६ ते १०८ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. पुठ्ठ्यावर वा खांद्यावर गरम व दुखरी सूज येते. काही तासांतच ती थंड व बधिर होते आणि हाताने दाबली असता कोरडी पाने चुरगळल्याप्रमाणे वाजते. ही खूण दिसली, की वेळ जवळजवळ संपलेली असते. बहुतेक जनावरे एक ते दोन दिवसांत मरतात. लंगडणे सुरू होताच पशुवैद्यकाने पेनिसिलीनच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर काही वाचतात. सुजेवर डाग देण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. तिने जनावरास यातना होतात आणि हाती असलेले चार तास जातात. दुसरे काही होत नाही.

खरा उपाय लशीचा. सहा महिन्यांवरील वासरांना व तरुण जनावरांना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ही लस टोचावी. पुण्यास औंध येथील पशुवैद्यकीय जैविक उत्पादने निर्मिती संस्थेत ती तयार होते व पशुवैद्यकीय दवाखान्यांमार्फत मिळते. टोचल्यापासून प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मृगाचा पाऊस पडून गावात पहिले जनावर मेल्यावर धावाधाव करण्यात शहाणपण नाही. मे महिन्यातच सर्व दावणीची जनावरे टोचून घ्यावीत. ज्या शिवारात पूर्वी फऱ्याने जनावर मेले आहे, विशेषतः जेथे ते उघड्यावर टाकले गेले, तेथे एकही वर्ष खंड पडू देऊ नये.

काळपुळी

जनावराच्या मढ्यापासून माणसाच्या कातडीला होणाऱ्या रोगांत काळपुळी सर्वांत गंभीर. गुरांत ह्यास फाशी असेही म्हणतात. चांगले चरणारे जनावर एकाएकी कोसळते, पोट फुगते, नाकातोंडातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते आणि मेल्यावरही अंग नेहमीसारखे ताठरत नाही. जर्मनीतील रॉबर्ट कॉख हा १८७६ साली एका लहानशा गावी वैद्यकी करीत असताना त्याने ह्या जंतूचे संपूर्ण जीवनचक्र शोधून काढले. एका विशिष्ट जंतूने एक विशिष्ट रोग होतो, हे प्रथम निर्विवाद सिद्ध झाले ते ह्याच रोगाच्या बाबतीत.

मढ्याच्या आत असताना ह्या जंतूचे बीजाणू होत नाहीत. रक्ताचा हवेशी संबंध आला म्हणजेच होतात. म्हणूनच असे जनावर फाडू नये, सोलू नये, मांस वाटून घेऊ नये. कातडे सोलणाऱ्याच्या हातावर चार-सहा दिवसांत खाजरी पुळी उठते, तिचा फोड होतो, मध्ये कोळशासारखी काळी खपली धरते आणि भोवती मोठी सूज येते. नवल म्हणजे ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते, आणि ह्या दुर्लक्षातच धोका आहे. कारण वेळीच प्रतिजैविक मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात व न मिळाल्यास जंतू रक्तात शिरू शकतो. मेलेल्या जनावराच्या कातड्याचे चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गरीब माणसास ‘हात लावू नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण कळले म्हणजेच तो थांबेल. हा रोग आढळल्यास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मढे, त्याखालील चारा व रक्ताने भिजलेली माती ह्यांसह जाळावे किंवा खोल पुरावे, आणि ती जागा चराईसाठी कायमची वर्ज्य करावी.

जखमेची व्यवस्था

जखम झाल्याबरोबर स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे. नंतर पिण्यायोग्य पाण्याच्या धारेखाली साबण लावून ती पाच-दहा मिनिटे धुवावी. डोळ्यांना दिसणारी माती, कुसळे, काट्याचे तुकडे निघेपर्यंत पाणी सोडीत राहावे. पाटाचे, शेततळ्याचे वा डबक्याचे पाणी ह्या कामी वापरू नये. जंतुनाशक धुण्यानंतर लावावे. ते धुण्याची जागा घेऊ शकत नाही. वर कोरडे, स्वच्छ फडके सैलसर बांधून रोज बदलावे. काटा वा खिळा खोल गेला असेल, जखमेत माती राहिली असेल किंवा चिरडून मांस काळवंडले असेल, तर डॉक्टरांनी ती मोकळी करून धुणे अवश्य आहे.

बैलाच्या खांद्याची जखम हंगामात नेमकी अडचणीच्या वेळी होते. जू घासून कातडी गेली असताना बैल जुंपणे म्हणजे ती दररोज नव्याने फाडणे. अशा बैलास जखम भरेपर्यंत विश्रांती द्यावी, जखम धुऊन माश्या बसणार नाहीत असे मलम लावावे आणि जू पुन्हा ठेवण्यापूर्वी त्याची कड तासून गुळगुळीत करावी. खांद्यात गाठ वा पू जाणवल्यास ती घरी कापू नये.

प्रतिजैविकांविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले, तेव्हा जखमांतील जंतूंवर रामबाण सापडल्याची भावना सर्वत्र होती. फ्लेमिंगनेच १९२८ साली हे औषध शोधले, आणि अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील अशी सूचनाही त्यानेच १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना देऊन ठेवली होती. ती खरी ठरली. माळेचा जंतू अद्याप पेनिसिलीनला दाद देतो; परंतु घोसाच्या जंतूंपैकी बहुतेक आज पेनिसिलीन निष्प्रभ करणारा रस तयार करतात. त्यांच्यासाठी काढलेल्या मेथिसिलीन ह्या नव्या औषधालाही न जुमानणारे वाण १९६१ साली इंग्लंडात आढळले व आता ते जगभर आहेत. शेजाऱ्याच्या गळवावर लागू पडलेल्या गोळ्या दुकानातून आणून दोन दिवस घेणे, किंवा गाईच्या कासदाहाची नळी अर्धी वापरून उरलेली ठेवून देणे, ह्यातूनच असे वाण निपजतात. ठरविलेले दिवस औषध पुरे करावे. आणि जनावरास प्रतिजैविक दिले असताना, व पशुवैद्यक सांगतील तितके दिवस त्यानंतरही, त्याचे दूध विकू नये वा घरात वापरू नये.

मधुमेह असलेल्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे काटा रुतल्याचे त्यास कळतच नाही, आणि साखर वाढलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही मंद असतात. त्याने अनवाणी शेतात जाऊ नये व रोज रात्री उजेडात तळपाय पाहावेत, किंवा घरच्या कोणाकडून पाहून घ्यावेत. भातखाचरांच्या ओल्या मातीत राहणारा मेलिऑयडोसिसचा जंतूही अशांनाच अधिक गाठतो. रंगून येथे १९११ साली व्हिटमोर व कृष्णस्वामी ह्यांनी तो प्रथम ओळखला. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण सापडतात. पावसाळ्यात चिखलात काम केलेल्या मधुमेही माणसास दीर्घ ताप व ठिकठिकाणी गळवे आली आणि क्षयाच्या औषधाने उतार पडला नाही, तर पू प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

पुढील लक्षणांत सकाळची वाट पाहू नये. दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना फारच अधिक असणे. लाली तासातासाने पसरणे (तिच्या कडेवर पेनने रेघ ओढून ठेवली, म्हणजे ती पुढे सरकली की नाही हे निश्चित कळते). कातडी जांभळी वा काळी पडणे, तीवर रक्ताळ फोड येणे. दाबले असता कुरकुर आवाज येणे. जखमेबरोबर थंडी वाजून ताप, ग्लानी वा असंबद्ध बोलणे. जबडा उघडण्यास त्रास होणे. ह्यांपैकी एकही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना जखम कोणत्या दिवशी, कशाने व कोणत्या जागी झाली, तीवर घरी काय लावले, धनुर्वाताची लस शेवटी केव्हा घेतली, मधुमेह आहे काय, आणि गेल्या पंधरवड्यात आजारी वा मेलेल्या जनावरास हात लावला होता काय, हे न विचारताही सांगावे.